पाच आणि पाच

जहाज कितीला सुटतं तुमचं? साडेपाचला?
मग घड्याळ खिशात टाका आणि माझ्यामागून चला.
फ्लोरेन्सच्या बसमध्ये चढलेत त्यांना जाऊ दे.
तिकडे चित्रं आहेत. इकडे, लिवोर्नोत, पोट आहे.

मी नेदो. एकतीस वर्षं गोदीत क्रेन चालवली,
आता गुडघे चालवतो, तेही उधारीवर.

आधी तोर्ता.
नाही हो, केक नाही. ह्या गावात तोर्ता म्हणजे
हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ,
आणि भट्टीच्या तोंडाशी उभं राहायला न घाबरणारा माणूस.
ती तांब्याची परात बघा, ट्रकच्या चाकाएवढी.
वरून खरपूस, आतून लुसलुशीत.
कडेचा तुकडा मागायचा. लाजायचं नाही.
मधला आम्ही परगावच्यांना देतो,
पीसाहून कुणी आलं तर मुद्दाम.

नुसतं म्हणा, "पाच आणि पाच." इलियाना समजेल.
पाच पैशांचा पाव, पाच पैशांची तोर्ता.
ते पैसे केव्हाच मेले, हिशेब अजून जिवंत आहे.
वर मिरपूड. अजून. अजून. शिंक आली की थांबा.
आत वांग्याची फोड, लसणात मुरलेली.
उभ्यानंच खायचं. बसून खाल्लं तर
कागदातून तेल मांडीवर येतं, हे अनुभवाचे बोल.

मग बाजाराच्या मागच्या गल्लीत काच्चुक्को.
दुपारपर्यंत जे कुणी घेतलं नाही ते सगळं एका हंड्यात:
काटेरी, डोळे वटारलेले, नावं ठेवलेले मासे,
आठ पायांचे, दहा पायांचे, बिनपायाचे,
टोमॅटो, तिखट, लाल वाइन, तळाशी लसूण चोळलेला पाव.
नावात 'सी' पाचदा येतो, म्हणून मासेही पाच जातींचे हवेत.
सहावा आलाच तर सिरियो त्याला हाकलत नाही.

मी?
नाही, मी खात नाही. तुम्ही खा.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, दहा दिवस.
ताप गेला, जाताना चव घेऊन गेला.
डॉक्टर म्हणाला, येईल. कधी, ते नाही म्हणाला.
घरी आर्जिया शुक्रवारी खारा मासा रांधते,
दोन दिवस पाणी बदलत बदलत भिजवलेला,
मी म्हणायचो, वा, आज काय जमलाय!
एकदा तिनं मुद्दाम मीठ, लसूण, काहीच घातलं नाही,
नुसता टोमॅटोचा लाल रंग.
मी म्हणालो, वा, आज काय जमलाय!
ती डाव हातात घेऊन खुर्चीत बसली.
आधी हसली. मग बराच वेळ तो डाव खाली ठेवलाच नाही.

गावातल्यांना विचारून उपयोग नाही.
तोर्ता कशी आहे? म्हणतात, नेहमीसारखी.
नेहमीसारखी म्हणजे कशी,
तेच तर मी विसरत चाललोय.
म्हणून जहाज लागलं की धक्क्यावर जातो,
गर्दीत मागे राहिलेला एखादा हेरतो,
ज्यानं हे आयुष्यात कधी खाल्लेलं नाही असा.

तर सांगा. घाई नाही.
छान म्हणू नका, मस्त म्हणू नका,
ते मलाही येतं, रोज घरी म्हणतो.
जिभेला आधी काय लागलं? मग काय?
गिळल्यावर काय मागे राहिलं?

शेंगदाणे? नाही. तसं नाही.
माती? कसली, ओली की तापलेली?
थांबा. आत्ता काय म्हणालात?
धूर.
धूर होता, बरोबर, शेवटी, टाळूला,
ऑलिव्हच्या लाकडाचा.

इलियाना, ह्यांना अजून एक, कडेचा.
पैसे मी देतो.
पुढं पोंचे प्यायचीय, जाड बुडाच्या पेल्यात,
रम, साखर, कॉफी आणि लिंबाची एक साल,
तिला आम्ही शीड म्हणतो.
साडेपाचला अजून पुष्कळ वेळ आहे.
चावा. सावकाश.